शब्दशोधाकडून रचनाशोधाकडे : प्राचीन ग्रीक ग्रंथांचा संगणकीय अभ्यास आणि आपली मराठी

प्रस्तुत लेखाचा विषय वाचून अध्यापक मित्रांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो असा की, लोधीखेड्यासारख्या गावात मराठी-उर्दू शिकविणाऱ्याचे प्राचीन ग्रीक भाषेशी देणेघेणे काय? प्रश्न रास्त आहे. ग्रीक आपल्याला वाटते तितकी परकी नाही, हे एक उत्तर झाले. 'केंद्र' आणि 'होरा' हे शब्द ग्रीकमधून संस्कृतात व तेथून मराठीत आले, 'दाम' हा ग्रीक द्राख्मेचा वंशज, आणि 'कानून' अरबी-फारसीच्या वाटेने आला तरी मुळात ग्रीकच. परंतु या लेखाचे खरे कारण शब्दांत नाही. गेल्या पन्नास वर्षांत ग्रीक ग्रंथांवर जे संगणकीय काम झाले, त्यामुळे भाषेच्या अभ्यासकाला कोणते प्रश्न विचारता येतात हेच बदलून गेले. पूर्वी 'हा शब्द कोठे आला आहे' एवढेच विचारता येत असे. आता 'ही वाक्यरचना कोठे कोठे आली आहे' असेही विचारता येते. या दोन प्रश्नांतील अंतर फार मोठे आहे. ते कसे पार केले गेले, आणि मराठीच्या बाबतीत आपण त्या वाटेवर कोठे उभे आहोत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शब्द सापडतो, रचना निसटते

उदाहरणासाठी ग्रीकमधील एकच रचना घेऊ. इंग्रजी व्याकरणात तिला जेनिटिव्ह ॲब्सोल्यूट म्हणतात. आपण तिला 'निरपेक्ष षष्ठी' म्हणू. मुख्य वाक्याला जोडून एखादी पार्श्वभूमीची घटना सांगायची असेल, तर ग्रीक लेखक त्या घटनेचा कर्ता षष्ठीत ठेवतो आणि क्रियापदाऐवजी षष्ठीतीलच कृदंत वापरतो. संस्कृत शिकलेल्यांना यावरून सती सप्तमी आठवेल. 'सूर्ये अस्तं गते' म्हणजे सूर्य मावळला असता. तेथे सप्तमी, येथे षष्ठी. पाणिनीने दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ३७ व्या सूत्रात सप्तमीची ही रचना सांगितली आहे आणि लगेच ३८ व्या सूत्रात, अनादर दाखवायचा असेल तर षष्ठीही चालते असे म्हटले आहे. म्हणजे आपल्याकडे ही रचना दोन्ही विभक्तींत आहे.

उर्दूच्या अध्यापकांना तर ग्रीक षष्ठी अगदी घरची वाटेल. 'सूरज के निकलते ही', 'उस के होते हुए', 'मेरे देखते देखते' या सर्व ठिकाणी कृदंताचा कर्ता 'का-के-की' घेऊन, म्हणजे षष्ठीतच, येतो. मराठीत मात्र 'सूर्य उगवताच', 'तो असताना' असे म्हणतात. कर्ता प्रथमेत राहतो. तरीही 'माझ्या देखत', 'त्याच्या नकळत' अशा काही रूपांत मराठीनेही षष्ठी जपून ठेवली आहे. सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात एकच मूल घरी मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्ही बोलते. अशा ठिकाणी या दोन रचना एकमेकींवर काय परिणाम करतात, हा उत्तम संशोधनाचा विषय आहे. त्याचे उत्तर मात्र चार वाक्ये आठवून मिळणार नाही. त्यासाठी पुष्कळ वाक्यांत शोध घ्यावा लागेल.

हा शोध साध्या शब्दशोधाने का होत नाही ते पाहा. ग्रीकमध्ये कर्तरी वर्तमान कृदंताचे पुल्लिंगी षष्ठी एकवचन बहुधा 'ओन्तोस' ने संपते. संगणकाला 'ओन्तोस' शोधायला सांगितले, तर तो 'लेओन्तोस' (सिंहाचा) आणि 'गेरोन्तोस' (म्हाताऱ्याचा) हेही आणून देईल. ही सरळ नामे आहेत, कृदंते नव्हेत. उलट स्त्रीलिंगी कृदंत 'ऊसेस' ने संपते, कर्मणी 'ओमेनू' ने, भूतकालवाचक 'सान्तोस' ने. ती सर्व निसटतील. शिवाय कृदंत खरोखरच षष्ठीत असले तरी तेवढ्यावरून काही ठरत नाही. 'बोलणाऱ्या माणसाचे घर' यातील 'बोलणाऱ्या' सुद्धा ग्रीकमध्ये षष्ठी कृदंतच असेल; पण ते 'माणसाचे' विशेषण आहे, निरपेक्ष षष्ठी नाही. शब्दाचे रूप तेच, वाक्यातले नाते वेगळे.

मराठीत हाच अनुभव घ्यायचा असेल तर कोणत्याही मजकुरात 'ताना' ही तीन अक्षरांच्या आतली जोडी शोधून पाहावी. 'जाताना', 'असताना' सापडतील, आणि त्यांच्याबरोबर तानाजी, सुलताना आणि हिंदुस्तानात हेही येतील. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत 'जातांना' असा अनुस्वार असे. ते हाती लागणार नाही. विदर्भाकडील बोलण्यातले 'जातानी', 'येतानी' तर नाहीच नाही.

चिठ्ठ्यांचे युग

संगणकापूर्वी हे काम चिठ्ठ्यांवर चाले. आपल्या जवळचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये तेथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. चिठ्ठी कपाटात शब्दाच्या वर्णानुक्रमाने लागते. म्हणून 'गत' हा शब्द कोठे आला ते कपाट चटकन सांगते. पण 'सती सप्तमी कोठे आली' असे विचारले तर ते कपाट मुके होते. त्या प्रश्नासाठी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा दुसऱ्या क्रमाने लावाव्या लागतील.

युरोपात रोबेर्तो बुसा या इटालियन पाद्री विद्वानाला हीच अडचण आली. तो थॉमस अक्विनस या मध्ययुगीन तत्त्ववेत्त्याच्या लॅटिन लेखनात 'उपस्थिती' ही कल्पना अभ्यासत होता. तिचा अर्थ मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांत नसून 'मध्ये' अशा अर्थाच्या एका लहानशा शब्दयोगी शब्दाच्या वापरात दडला आहे, असे त्याच्या लक्षात आले. आणि असले शब्द तर कोणत्याच सूचीत घेतलेले नसतात. त्याने हाताने दहा हजार कार्डे लिहिली, आणि १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या प्रमुखांना गाठून यंत्राची मदत मिळविली. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची १९८० पर्यंत ५६ खंडांत छापून झाली. व्याकरण शिकविणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. संगणकावर ग्रंथ वाचण्याच्या विद्येचा उगम एका शब्दयोगी अव्ययाच्या अडचणीतून झाला आहे.

ग्रीकसाठी कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे १९७२ मध्ये 'थिसॉरस लिंग्वे ग्रीके' हा प्रकल्प सुरू झाला. होमरपासून पुढचे उपलब्ध ग्रीक वाङ्मय संगणकात उतरवायचे हे त्याचे उद्दिष्ट. आज त्यात अकरा कोटींहून अधिक शब्द आहेत. १९८५ मध्ये तो संग्रह सीडीवर आला आणि २००१ पासून इंटरनेटवर आहे. पूर्ण संग्रहासाठी वर्गणी भरावी लागते. त्याच सुमारास अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात ग्रेगरी क्रेन यांनी 'पर्सियस' हे ग्रंथालय उभारले, ते सर्वांना मोफत आहे.

अक्षरांची अडचण : ग्रीक, मराठी, उर्दू तिघांनाही

रचनाशोधाकडे वळण्यापूर्वी पहिल्या पायरीवर थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या महाविद्यालयांचे घोडे येथेच अडते. शोध घ्यायचा तर अक्षर संगणकाला एकाच संकेताने कळले पाहिजे. सुरुवातीला ग्रीक अक्षरे संगणकात नव्हतीच; म्हणून रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या जुळणीतून 'बीटा कोड' नावाची लेखनपद्धती तयार केली गेली. पुढे युनिकोड आले. पण तेथेही ग्रीक स्वरांवरील आघातचिन्हासाठी दोन वेगवेगळे संकेत राहिले. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. ते आधी एकरूप करून घ्यावे लागतात.

मराठीत 'वऱ्हाड' हा शब्द असाच दोन प्रकारे टाइप होतो. त्यातील अर्धा 'र' दोन वेगळ्या मार्गांनी काढता येतो. उर्दूत अरबी कळफलकाची 'ये' आणि उर्दू कळफलकाची 'ये' यांचे संकेत वेगळे आहेत, 'काफ' चेही तसेच. अशा मजकुरात शोध घेतला तर निम्मी उदाहरणे गळतात आणि शोधणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. याहून मोठी अडचण जुन्या फाइलींची आहे. अनेक संस्थांच्या नियतकालिकांचे वर्षानुवर्षांचे अंक श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये, आणि उर्दू मजकूर जुन्या इनपेजमध्ये जुळविलेला आहे. तो छापता येतो. शोधता मात्र येत नाही. आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला संशोधनाचे गुणही मिळत नाहीत. पण ते झाल्याखेरीज पुढचे काही होत नाही.

प्रत्येक शब्दाला व्याकरण चिकटविणे

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक शब्दाशेजारी त्याचे मूळ रूप आणि व्याकरण नोंदविणे. आपण वर्गात फळ्यावर 'व्याकरण चालवा' म्हणतो, तेच हे. पर्सियसमध्ये प्रत्येक ग्रीक शब्दाला नऊ जागांचा एक संकेत दिलेला असतो. पहिली जागा शब्दाच्या जातीची, दुसरी पुरुषाची, मग वचन, काळ, अर्थ, प्रयोग, लिंग, विभक्ती आणि शेवटी तरतमभाव. जी माहिती लागू नसेल तेथे आडवी रेघ. आता 'पाचव्या जागी कृदंताची खूण आणि आठव्या जागी षष्ठीची खूण' एवढे सांगितले की सर्व लिंगांची, वचनांची, काळांची षष्ठी कृदंते एकदम समोर येतात. सिंह आणि म्हातारा आपोआप गळतात, कारण त्यांच्या पहिल्या जागी 'नाम' लिहिलेले आहे.

ही नोंद यंत्र काही प्रमाणात स्वतः करू शकते. पण एकाच रूपाचे दोन-तीन अर्थ संभवतात तेव्हा निवड माणसाने करावी लागते. मराठीत 'मारा' म्हणजे आज्ञार्थ क्रियापदही आणि हल्ला या अर्थी नामही. वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही.

नात्यांचा वृक्ष

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक शब्द वाक्यातील कोणत्या दुसऱ्या शब्दावर अवलंबून आहे आणि कोणत्या नात्याने, हे नोंदवायचे. क्रियापद मुळाशी, त्याच्या फांद्या म्हणजे कर्ता, कर्म, क्रियाविशेषण, त्यांच्या फांद्या विशेषणे. असा एक वृक्ष तयार होतो, आणि अशा वृक्षांच्या संग्रहाला 'ट्रीबँक' म्हणतात. पर्सियसने २००९ च्या सुमारास ग्रीक ट्रीबँक प्रसिद्ध केली. तीत इलियड आणि ओडिसी ही दोन्ही महाकाव्ये संपूर्ण आहेत. तिच्या कामाची पद्धत अध्यापकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. एकच वाक्य दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता सोडवायचे, आणि जेथे मतभेद होईल तेथे तिसऱ्याने निर्णय द्यायचा. सोडविणाऱ्यांत विद्यार्थीही होते. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात 'प्रोइएल' हा दुसरा संग्रह तयार झाला. त्यात बायबलच्या नव्या कराराचा मूळ ग्रीक पाठ आणि त्याची लॅटिन, गॉथिक, आर्मेनियन व जुन्या स्लाव्होनिक भाषेतील प्राचीन भाषांतरे वाक्यावृक्षांसह दिली आहेत. हेरोडोटसच्या इतिहासाचाही भाग आहे.

हे नाते कोणत्या व्याकरणाच्या परिभाषेत लिहायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आपल्याला अभिमान वाटावे असे आहे. हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेत हिंदी आणि उर्दू ट्रीबँकचे काम झाले, तेव्हा तेथील विद्वानांनी पाणिनीची कारकव्यवस्था घेतली. 'क' बरोबर १ म्हणजे कर्ता, २ म्हणजे कर्म, ३ म्हणजे करण अशा खुणा त्यात आहेत. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात २००९ पासून कुरआनच्या ७७,४३० अरबी शब्दांचे जे व्याकरणांकन प्रसिद्ध झाले, त्यात अरबीच्या पारंपरिक 'इराब' पद्धतीचा आधार घेतला आहे. अर्थात, जुने व्याकरण येथे ओझे नाही. तेच कामाचे हत्यार आहे.

आता आपल्या रचनेचे शोधसूत्र शब्दांत असे मांडता येईल: 'षष्ठीतील एक कृदंत, जे मुख्य क्रियापदाला क्रियाविशेषण म्हणून जोडलेले आहे, आणि षष्ठीतील एक नाम किंवा सर्वनाम, जे त्या कृदंताचा कर्ता आहे.' फ्रान्समधील इन्रिया संस्थेचे 'ग्र्यू-मॅच' नावाचे मोफत साधन इंटरनेटवर आहे. त्यात ग्रीक संग्रह निवडून हे सूत्र त्याच्या ठरलेल्या खुणांत लिहिले की काही क्षणांत वाक्ये वृक्षासह समोर येतात. 'बोलणाऱ्या माणसाचे घर' आता येत नाही, कारण तेथे कृदंत नामाला जोडलेले आहे, क्रियापदाला नाही.

नियम आणि वास्तव

या शोधाचा उपयोग काय, ते एका परिचित गोष्टीवरून सांगतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. त्या गोष्टीच्या ग्रीक पाठात निरपेक्ष षष्ठी दोनदा येते: एकदा मुलाने सर्व पैसा उडवून टाकल्यावर दुष्काळ पडतो तेथे (१४ वे वचन), आणि दुसऱ्यांदा मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो तेथे (२० वे वचन). ग्रीकच्या शालेय व्याकरणात नियम असा शिकवतात की, या षष्ठीतल्या कर्त्याला मुख्य वाक्यात कोणतेही स्थान नसते. म्हणून तर ती 'निरपेक्ष'. पहिल्या ठिकाणी नियम तंतोतंत लागू पडतो. दुसऱ्या ठिकाणी मात्र षष्ठीतला तोच मुलगा मुख्य वाक्यात 'पाहिले' या क्रियेचे कर्म होऊन आला आहे. म्हणजे नियमाला अपवाद, आणि तोही प्रसिद्ध गोष्टीत. असे अपवाद किती, कोणत्या लेखकात अधिक, बोलीच्या जवळच्या गद्यात अधिक की साहित्यिक गद्यात, हे वृक्षसंग्रहावरून मोजता येते. एरवी एक-एक उदाहरण दाखवून वाद घालावा लागला असता.

हीच गोष्ट मी निवडली याला आणखी एक कारण आहे. ग्रियर्सनने भारतीय भाषांचे सर्वेक्षण केले तेव्हा प्रत्येक भाषेतला आणि बोलीतला नमुना म्हणून हीच गोष्ट भाषांतरित करून घेतली. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला; त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचीही नोंद आहे. म्हणजे एकाच मजकुराचा ग्रीक वृक्ष ऑस्लोला तयार आहे आणि आपल्या अंगणातल्या बोलींतले जुने रूप त्या खंडात छापलेले आहे. ग्रीकने जेथे षष्ठी वापरली तेथे बोलीने 'ताना' वापरले, 'ल्यावर' वापरले की दोन स्वतंत्र वाक्ये केली, हे ओळीला ओळ लावून पाहता येते. मूळ ग्रीक-हिब्रूवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी केडगावला हेच काम केले. त्यांचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून झाले. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंना ग्रीकची ही षष्ठी ओळखायला वेळ लागला नसावा.

मराठीपाशी काय आहे

आता आपल्या घरात डोकावू. निरनिराळ्या भाषांचे वाक्यवृक्ष एकाच पद्धतीने ठेवणारा 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' हा जागतिक संग्रह आहे. त्यात प्राचीन ग्रीकचे वर सांगितलेले दोन संग्रह प्रत्येकी दोन लाखांहून अधिक शब्दांचे आहेत. हिंदीचा मुख्य संग्रह साडेतीन लाख शब्दांचा, उर्दूचा एक लाख अडतीस हजारांचा. मराठीचा संग्रह प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातून २०१७ मध्ये आला. त्यात मुख्यतः विकिस्रोतावरील गोष्टी आहेत, आणि वाक्ये आहेत ४६६. शब्द चार हजारांच्या आत. ज्यांनी तो केला त्यांचे आभारच मानले पाहिजेत. तरीही दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाषेला दोन लाख शब्द, आणि आज आठ कोटींहून अधिक लोक जी मातृभाषा म्हणून बोलतात तिला चार हजार, ही तफावत खटकल्याशिवाय राहत नाही.

ही नुसती मानापमानाची बाब नाही. स्टँझा, यूडीपाइप यांसारखी जी साधने मराठी वाक्याचे आपोआप व्याकरण चालवितात, ती याच ४६६ वाक्यांवरून शिकलेली आहेत. आपला विद्यार्थी त्यांत बोलीतले एखादे वाक्य घालील आणि चुकीचे उत्तर मिळेल, तेव्हा दोष त्याच्या बोलीचा समजला जाईल. आजकालच्या संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले तर ती रचनेची सुरेख उदाहरणे देते खरी. पण 'या ग्रंथात ही रचना एकूण किती वेळा आली' याचे भरवशाचे उत्तर तिच्याकडून घेऊ नये. मोजणीसाठी नोंद केलेला मजकूरच लागतो.

उर्दू संग्रह बरा आहे, पण तो मुख्यतः बातम्यांच्या भाषेचा. घरात बोलली जाणारी दखनी किंवा नागपूरकडची उर्दू त्यात शोधून मिळणार नाही.

बोलींच्या बाबतीत एक चांगले काम चालू झाले आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून व्याकरणिक रूपांचे नकाशे तयार केले आहेत. पण राज्याची सीमा ओलांडली की बोली काही थांबत नाही. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. मराठी बोलणारी वस्ती त्याच्याही पूर्वीपासून येथे आहे. तिचे बोलणे टिपून ठेवायचे तर ते येथल्याच शिक्षकांनी टिपावे लागेल.

वर्गात करता येण्यासारखे

सुरुवात एका रचनेपासून करावी. मी 'ऊन' सुचवितो. शालेय व्याकरणात सांगतात की 'ऊन'-कृदंताचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच असतो: 'तो जेवून झोपला.' परंतु 'पाऊस पडून रस्ते खराब झाले' हे वाक्य कोणालाही खटकत नाही, आणि त्यात कर्ते दोन आहेत. 'तिचं लग्न होऊन दहा वर्षं झाली' यातही दोन. उलट 'तो येऊन मी गेलो' हे कानाला बोचते. मग दोन कर्ते केव्हा चालतात? पहिली घटना दुसरीचे कारण असेल तेव्हा? की कृदंत 'पडणे', 'होणे' अशा आपोआप घडणाऱ्या क्रियेचे असेल तेव्हा? ग्रीकच्या निरपेक्ष षष्ठीबाबत विद्वान जो प्रश्न विचारतात, त्याच जातीचा हा प्रश्न आहे, आणि बारावी झालेल्या मुलाला तो समजतो.

विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, त्यांची परवानगी घेऊन, एखादी हकीकत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणावी आणि ती बोलली तशीच लिहावी. शुद्ध करू नये. मग साध्या तक्त्यात एका ओळीत एक शब्द लिहावा. रकाने पाच पुरतात: शब्दाचा क्रमांक, शब्द, मूळ रूप, व्याकरण, आणि तो कोणत्या क्रमांकाच्या शब्दावर कोणत्या नात्याने अवलंबून आहे. 'पाऊस पडून रस्ते खराब झाले' यात 'पाऊस' दुसऱ्या शब्दाचा कर्ता, 'पडून' पाचव्याला जोडलेले क्रियाविशेषण, 'रस्ते' पाचव्याचा कर्ता, 'खराब' पाचव्याचे पूरक आणि 'झाले' मूळ. जागतिक संग्रहाच्या तक्त्यात दहा रकाने असतात; हे पाच त्यांतलेच असल्याने पुढे रूपांतर करायला अडचण येत नाही.

टफ्ट्सप्रमाणे प्रत्येक वाक्य दोघांनी वेगवेगळे सोडवावे. जेथे दोघांचे जुळत नाही ती वाक्ये वेगळ्या वहीत उतरवून ठेवावीत. 'तिचं लग्न होऊन दहा वर्षं झाली' यात 'वर्षं' कर्ता मानायचा की कालवाचक क्रियाविशेषण, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो, आणि व्याकरणाच्या तासाला मुले वाद घालत आहेत हे दृश्य आपल्याकडे विरळाच. जो निर्णय होईल तो कारणासह लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीची तुकडी त्याच वाक्याला वेगळी खूण देणार नाही.

शोधाचा निकाल हाती आल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. सापडलेल्या वाक्यांत खरी किती, हे वाचून कळते. खऱ्यांपैकी सुटली किती, हे कळायला मजकुराची दोन-तीन पाने हाताने पूर्ण वाचून यंत्राच्या यादीशी ताडावी लागतात. बहुतेक जण पहिली तपासणी करतात आणि दुसरी विसरतात. संख्या देताना 'चाळीस वेळा आले' असे न लिहिता हजार शब्दांमागे किती ते लिहावे. नाहीतर लांब हकीकत सांगणाऱ्या आजीच्या बोलीत प्रत्येक रचना जास्त आहे असा निष्कर्ष निघेल.

प्रत्येक हकीकतीसोबत गाव, बोलणाऱ्याचे अंदाजे वय, घरात कोणत्या भाषा बोलतात आणि शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले एवढे लिहावे. नाव लिहू नये. फाइल युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या स्वरूपात, कमीत कमी दोन ठिकाणी ठेवावी.